डिकॉक्शन नीट उतरलं की कॉफी जमली

दाक्षिणात्य फिल्टर कॉफीचा विषय निघाला की फेसाचं कौतुक होतं, टंबलरचं, म्हणजे स्टीलच्या उभ्या पेल्याचं होतं, उंचावरून ओतणाऱ्या हाताचं होतं. चव मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते, बंद झाकणाखाली पडणाऱ्या थेंबांमध्ये. हे थेंब साठून जो कॉफीचा दाट अर्क होतो, तेच डिकॉक्शन. ते पाणचट उतरलं तर जास्त ओतून कॉफी दाट होत नाही, दूधच पातळ होतं. ते जळकट उतरलं तर साखर कितीही घाला, घशाशी कडू राहतंच. दूध तापवणं आणि ओतणं एका सकाळी जमतं. फिल्टरवर हात बसायला आठवडाभर तरी रोज लावावा लागतो, म्हणून या लेखात जास्त जागा फिल्टरलाच दिली आहे.

फिल्टर कोणता घ्यावा

फिल्टरचे भाग चार: तळाला बारीक भोकं असलेलं वरचं भांडं, डिकॉक्शन साठवणारं खालचं भांडं, दांडा असलेली भोकांची चकती आणि झाकण. दुकानात तो 'दोन कप', 'चार कप' अशा मापांत मिळतो. बरेच जण पाहुण्यांचा विचार करून मोठा घेतात आणि मग रोज त्यात दोघांपुरती पावडर टाकतात. तिथेच गणित बिघडतं. सहा सेंटीमीटर रुंद भांड्यात ३० ग्रॅम पावडरचा थर अडीच सेंटीमीटरच्या आसपास बसतो. तीच पावडर आठ सेंटीमीटरच्या भांड्यात टाकली तर थर जेमतेम दीड सेंटीमीटरचा होतो आणि पाणी त्यातून चव न घेताच निसटतं. म्हणून रोजच्या वापराला छोटा फिल्टर घ्या. पाहुणे आले तर दोनदा लावा किंवा मोठा वेगळा ठेवा.

घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरून तळ बघा. भोकं सारख्या अंतरावर आणि सारख्या आकाराची दिसली पाहिजेत. एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला बुजलेली असतील तर पाणी एकाच अंगाने उतरेल. वरचं भांडं खालच्यावर नीट बसायला हवं, पण अगदी घट्टही नको. त्याचं कारण पुढे येईल.

रोजच्या कामाला स्टील उत्तम. पितळेचा फिल्टर उष्णता छान धरतो, पण कॉफी आंबट गुणाची असते, त्यामुळे आतून कल्हई नसलेल्या पितळेत डिकॉक्शन तासन्‌तास ठेवू नये. कल्हई उडाली की पुन्हा करून घ्यावी, नाहीतर तो फिल्टर शोभेला ठेवावा. नव्या स्टीलला कारखान्यातलं तेल आणि पॉलिश लागलेलं असतं. साबणाने धुऊन एकदा नुसतं उकळतं पाणी त्यातून सोडा आणि पहिलं डिकॉक्शन टाकून द्या.

पावडर: पाकिटावर काय वाचायचं

भारतातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते, मुख्यतः कोडगू (कूर्ग), चिक्कमगळूरु आणि हासन या जिल्ह्यांत. त्यानंतर केरळातला वायनाड, मग तामिळनाडूचे डोंगर आणि आंध्रातलं अराकू. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला थोडीफार होते. २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका आणि अराकू व्हॅली अरेबिका या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ही नावं पाकिटांवर आता वरचेवर दिसतात. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती.

दुकानातल्या पाटीवर किंवा पाकिटावर 'प्लांटेशन ए', 'पीबी', 'चेरी' असे शब्द असतात. फळाची साल आणि गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला आपल्याकडे 'प्लांटेशन' म्हणतात. तिची चव स्वच्छ आणि थोडी आंबटसर असते. फळ जसंच्या तसं उन्हात वाळवून नंतर सोललं की ती 'चेरी', अंगाने जड आणि मातकट गोडीची. धुतलेल्या रोबस्टाला 'पार्चमेंट' म्हणतात. 'ए', 'बी' ही बियांच्या आकाराची प्रतवारी आहे: 'ए' म्हणजे ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारं बी, 'बी' म्हणजे ६ मिलिमीटरच्या. 'पीबी' म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात सहसा एकमेकींना चिकटलेल्या दोन चपट्या बिया असतात. कधी एकच वाढते आणि गोल होते, ती पीबेरी. तिला जास्त भाव असतो, पण गोल आहे म्हणून ती आपोआप चवदार ठरत नाही. गोल दाणे भट्टीत सहज लोळतात आणि सगळीकडून सारखे भाजले जातात, हा तिचा खरा फायदा.

दुधाच्या कॉफीसाठी निम्मी प्लांटेशन ए आणि निम्मी पीबेरी हा जुना, भरवशाचा मेळ आहे. डिकॉक्शनला अधिक अंग हवं असेल तर पाचवा हिस्सा रोबस्टा घाला. त्याहून जास्त घातली तर दुधातूनही रबरासारखा वास जाणवू लागतो. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, हे संध्याकाळी पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता चिकोरी. ही एक मुळी आहे. भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफिन नसतं. ती रंग देते, दाटपणा देते, थोडी कडवट गोडी देते आणि पावडरीत पाणी जास्त वेळ धरून ठेवते, त्यामुळे थेंब सावकाश पडतात. चिकोरीला भेसळ समजून नाक मुरडणारे आहेत आणि तिच्याशिवाय कॉफी अधुरी मानणारेही. दुधाची फिल्टर कॉफी प्यायची असेल तर १५ ते २० टक्के चिकोरी चांगली लागते. तीस टक्क्यांच्या पुढे कॉफीचा सुगंध दबतो. चाळीसच्या पुढे आपण मुळीचा काढाच पितो. आपल्या देशातल्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते अक्षर लहान असतं, पण पहिल्यांदा तेच वाचा. सुटी पावडर 'शुद्ध' म्हणून मिळाली आणि मनात शंका असेल तर काचेच्या ग्लासात गार पाणी घेऊन वर चिमूटभर पावडर भुरभुरा. कॉफी वर तरंगत राहते. चिकोरीचे कण काही सेकंदांत खाली जाऊ लागतात आणि जाताना तपकिरी धाग्यासारखा माग सोडतात.

मुंबईत माटुंग्याला समोर दळून देणारी दुकानं आहेत. तिथे 'फिल्टरसाठी' एवढं सांगितलं की पुरतं. दुसरीकडे घेताना दळण बोटांत चोळून बघा. बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक आणि पिठीसाखरेपेक्षा नक्की जाड लागलं पाहिजे. फ्रेंच प्रेससाठीचं जाड दळण या फिल्टरला चालत नाही, एस्प्रेसोसाठीचं पिठासारखं तर अजिबात नाही.

एका वेळी १०० ग्रॅमच घ्या, पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच. दळलेली पावडर हवेतली ओल ओढते, गोळे होतात आणि दोन आठवड्यांत सुगंध निघून जातो. घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. दर वेळी डबा बाहेर काढून उघडला की गार पावडरीवर दमट हवेतलं पाणी जमतं, शिवाय फ्रीजमधल्या कांद्या-लसणाचा वास लागतो. भाजल्याची तारीख छापलेली असेल तर तीन दिवसांपेक्षा ताजी आणि महिन्यापेक्षा जुनी पावडर टाळा. अगदी ताज्या कॉफीतून इतका वायू सुटतो की पाणी ओतताच ती फसफसते आणि थर फुटतो.

फिल्टर लावणे

दोन माणसांसाठी: पावडर ३० ग्रॅम, पाणी १५० मिली. डिकॉक्शन सुमारे ९० मिली मिळतं, कारण पावडर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी स्वतःतच ठेवून घेते. '१५० ओतलं, बाकीचं गेलं कुठे' या प्रश्नाचं उत्तर हेच. वजनकाटा नसेल तर सहा-सात सपाट पोह्याचे चमचे. पण ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा काटा घ्याच. चमच्याच्या शिगेत रोज पाच ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि मग काल छान झालेली कॉफी आज का बिघडली हे कळत नाही.

आधी फिल्टर गरम करा. गार स्टील उकळत्या पाण्याची ऊब पहिल्या मिनिटातच खाऊन टाकतं आणि थंडीच्या सकाळी डिकॉक्शन आंबट, पोकळ उतरतं. दोन्ही भांड्यांत गरम पाणी फिरवून ओता आणि वरचं भांडं कोरडं पुसा.

वरच्या भांड्यात पावडर घाला. भांडं ओट्यावर दोनदा हलकेच आपटा, थर सपाट होईल. आता चकती त्यावर ठेवा. नुसती ठेवायची, दाबायची नाही. चकतीचं काम पावडर ठासण्याचं नाही. वरून पडणारं पाणी सगळीकडे सारखं पसरावं आणि थरात खड्डा पडू नये, एवढ्यासाठी ती असते. दाबून बसवली की बारीक कण भोकांत शिरतात आणि तासाभराने बघितलं तरी तळाशी चमचाभरच डिकॉक्शन असतं.

पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. साधारण ९५ अंश सेल्सिअस हवं. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी मुळात त्याच सुमाराला उकळतं, तिथे थांबायची गरज नाही. आधी ४० मिली पाणी चकतीवर गोल फिरवत ओता आणि ४० सेकंद थांबा. पावडर फुगते, वर बुडबुडे येतात, खमंग वाफ येते. वायू बाहेर पडला की पुढचं पाणी पावडरीच्या आत नीट शिरतं. मग उरलेलं ११० मिली त्याच पद्धतीने, घाई न करता ओता. झाकण लावा आणि हात काढून घ्या. हलवू नका, ढवळू नका, मधूनच वरून दाबू नका.

पंधरा ते पंचवीस मिनिटांत काम होतं. चिकोरी जास्त असेल तर अर्धा तास. रात्री लावून सकाळी वापरायची पद्धत बऱ्याच घरांत आहे आणि ती सोयीची आहे, पण त्यात सुगंध बराच जातो. सकाळी उठल्यावर आधी फिल्टर लावा, मग दात घासा, आंघोळ करा. तोवर डिकॉक्शन तयार असतं.

पाणी कोणतं, यानेही फरक पडतो. बोअरचं जड पाणी चव बोथट करतं आणि फिल्टरच्या भोकांत क्षार साठवतं. आरओचं फारच हलकं पाणी असेल तर कॉफी टोकदार आणि अंगाने रोडकी लागते. गाळलेलं नळाचं पाणी बहुतेक शहरांत ठीक असतं.

थेंब काय सांगतात

शिकताना एक दिवस हे करून बघा. वरचं भांडं खालच्या भांड्याऐवजी नीट बसेल अशा तोंडाच्या जाड, उष्णता सोसणाऱ्या काचेच्या ग्लासवर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बघत राहा. पाणी ओतल्यावर मिनिटाभरात तळाच्या भोकांशी काळे मणी जमतात. पहिले थेंब काकवीसारखे जड, ग्लासच्या तळाशी पडून क्षणभर तसेच उभे राहणारे. सुरुवातीला सेकंदाला दोन-तीन पडतात, मग मंदावतात, शेवटी शेवटी त्यांचा रंग चहासारखा फिका होतो. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की बंद फिल्टरमध्येही काय चाललंय ते नुसत्या आवाजावरून ओळखता येतं.

थेंब पडतच नसतील तर दर वेळी पावडरीलाच दोष देऊ नका. दोन्ही भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसलेली असू शकतात की खालच्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. ती हवाच वरच्या पाण्याला अडवते. वरचं भांडं फडक्याने धरून केसभर उचला आणि परत ठेवा, लगेच टपटप सुरू होईल. नवा फिल्टर लावणाऱ्यांचे अर्धे हेलपाटे या एका गोष्टीने वाचतात. तरी पडत नसेल तर दळण फार बारीक आहे, चकती दाबली गेली आहे किंवा भोकं बुजली आहेत.

उलट पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे, पावडर कमी पडली आहे किंवा पाणी एकाच जागी जोरात ओतल्याने थरात बोगदा झाला आहे. झाल्यावर चकती उचलून बघा. ओल्या पावडरीत एका बाजूला खोल खड्डा दिसला तर ओतण्याची चूक. थर सपाट आहे पण पातळ दिसतो, तर मापाची चूक. थर ठीक आहे आणि तरी डिकॉक्शन लाल पाण्यासारखं, तर दळणाची.

आंबट लागलं तर पाणी पुरेसं गरम नव्हतं, फिल्टर गार होता किंवा बी फार हलकं भाजलेलं आहे. हलक्या भाजणीची कॉफी कागदी फिल्टरमधून बिनदुधाची छान लागते. या फिल्टरला मध्यम ते मध्यम-गडद भाजणी हवी. राखेसारखं कडू लागलं तर भाजणी फार गडद आहे किंवा डिकॉक्शन पुन्हा उकळलं गेलं आहे. डिकॉक्शन कधीही थेट गॅसवर ठेवू नये. गार झालं असेल तर वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात ठेवा. खरं तर दूध पुरेसं गरम असेल तर एवढंही करावं लागत नाही.

सुधारताना एका दिवशी एकच गोष्ट बदला. दळण, माप आणि पावडरचा ब्रँड तिन्ही एकदम बदलले तर सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही.

त्याच पावडरीवर पुन्हा पाणी ओतून दुसरं डिकॉक्शन काढायची काटकसर जुनी आहे. त्यात उरतो तो मुख्यतः कडवटपणा. काढायचंच असेल तर ६० मिली पाण्यापुरतं काढा आणि पहिल्यात थोडंसं मिसळा, त्यावर एकटी कॉफी करू नका.

दूध आणि ओतणं

एका कपाला ४५ मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध. दुधात पाणी घालायचं नाही, कारण कॉफीत लागणारं पाणी डिकॉक्शनमधून आलेलंच असतं. चहाच्या सवयीने अर्धा कप पाणी घालणारे हात इथे आवरावे लागतात. पिशवीचं फुल क्रीम दूध ६ टक्के स्निग्धांशाचं असतं, टोन्ड ३ टक्क्यांचं. फुल क्रीमने कॉफी गोल आणि जड होते. टोन्डने हलकी होते, तेव्हा डिकॉक्शन पाच मिली वाढवा. गाईचं ताजं दूध यांच्या मधलं आणि फार छान.

दूध एकदाच वर येऊ द्या आणि लगेच उतरवा. सकाळपासून तीनदा तापलेल्या दुधाला उकळलेला, खव्यासारखा वास येतो आणि तो कॉफीवर चढतो. साय बाजूला करा. टंबलरमध्ये आधी साखर, मग डिकॉक्शन, मग वरून दूध. कपाला सपाट एक चमचा साखर पुरते. दूध फाटलं तर डिकॉक्शनला बोल लावण्याआधी दूध बघा. आंबायच्या बेतात असलेलं दूध नुसतं तापवताना टिकतं आणि कॉफीच्या आंबटपणाने फुटतं.

आता डबरा, म्हणजे पसरट वाटी, आणि टंबलर. टंबलरमधून डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरमध्ये, हातभर अंतरावरून तीन-चार वेळा. धार बारीक आणि अखंड ठेवा. साखर विरघळते, कॉफी पिण्याजोगी निवते आणि फेस येतो. पाच-सहा वेळांच्या पुढे गेलात तर फेस भरपूर येईल, पण कॉफी कोमट होईल. तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या 'डिग्री कॉफी'तला डिग्री शब्द दुधाची शुद्धता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरच्या अंशांवरून आला असं सांगतात. चिकोरीचा उच्चार बदलत बदलत डिग्री झाला असंही म्हणणारे आहेत. पहिलं खरं असो वा नसो, निर्भेळ दुधाचा आग्रह मात्र योग्यच आहे.

आपल्याकडच्या सवयीने जायफळ घालायचं असेल तर दूध उतरवताना त्यात किसा, दोन कपांना किसणीवरचे चार-पाच घासे. पावडरीत मिसळून फिल्टरमध्ये टाकू नका. जायफळाचा वास फिल्टरला धरून बसतो आणि पुढच्या चार कॉफींना लागतो.

नंतरचं काम

उरलेलं डिकॉक्शन झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येतं. सुगंध कमी होतो, पण बर्फ आणि गार दूध घालून कोल्ड कॉफीला ते उत्तम लागतं.

फिल्टर लगेच धुवा. वाळलेली चिकोरी भोकांत डिंकासारखी चिकटते. रोज गरम पाणी आणि मऊ ब्रश पुरे, साबण अगदी थोडा. दर पंधरा दिवसांनी वरचं भांडं उजेडाकडे धरा. काळी राहिलेली भोकं दिसली तर उकळत्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवा. क्षारांचा पांढरा थर असेल तर सोड्याऐवजी लिंबूसत्त्व. मग ब्रशने आतून बाहेर घासा. सुई घालू नका, भोक मोठं झालं की ते कायमचं मोठं राहतं आणि कपाच्या तळाशी रोज गाळ येतो. धुतल्यावर भाग वेगवेगळे, उघडे वाळवा. ओलाच बंद करून ठेवलेला फिल्टर दुसऱ्या दिवशी कुबट वास देतो.

वापरलेली पावडर सिंकमध्ये सोडू नका. ती पाइपच्या वळणावर बसते आणि तेलकट घाणीशी मिळून तिचा बोळा होतो. कुंड्यांमध्ये टाकायची तर मूठभर, मातीत मिसळून. वर थर दिला तर वाळून पापडी होते आणि पाणी खाली मुरत नाही. बाकीची ओल्या कचऱ्याच्या डब्यात.